निकोटीन गमने काहीच होत नाहीये, आज पाचवा दिवस, मदत हवी आहे

अर्धविराम:
पाचवा दिवस. गम चालू आहे. तलफ तसूभरही कमी नाही, उलट घसा जळतोय, उचक्या लागतात, छातीत जळजळ, रात्री टक्क जागा. सकाळी घरच्यांवर उगाच खेकसलो. हे असंच असतं की गमच भंकस आहे? त्वचेवर चिकटवायचा निकोटीनचा पॅच घ्यावा का? "इच्छाशक्ती वाढवा" छापाचे प्रतिसाद नकोत. रात्रीपर्यंत उत्तर मिळालं तर बरं, नाहीतर मी काय करणार ते सांगायला नको.

रातकिडा:
किती मिलिग्रॅम? सिगारेट होती की तोंडातली तंबाखू? दिवसाला किती? काहीच लिहिलेलं नाहीत.

अर्धविराम:
सिगारेटच, अजून काय. गम साधाच आहे, पुदिन्याचा.

रातकिडा:
चव नाही हो विचारली. पाकिटावर २ किंवा ४ असा आकडा असेल.

उंबरठा:
१७ वर्षं ओढली. एका रात्री पाकीट फेकलं ते फेकलं. निकोटीन सोडायला निकोटीनच घ्यायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. सगळी दुकानदारी.

तिरकीरेघ:
@उंबरठा, अभिनंदन, पण सगळ्यांना नाही जमत तसं. धुरातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गम किंवा पॅचमधलं सावकाश, म्हणून त्याची चटक तशी लागत नाही. कॅन्सर होतो तो धुरातल्या बाकीच्या घाणीने. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये गम आणि पॅच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. तीही दुकानदारीच का?

उंबरठा:
यादीत आहे म्हणून मला पटलंच पाहिजे असं नाही.

अर्धविराम:
भांडायला दुसरा धागा काढा. पाकीट बघितलं, २ आहे. सिगारेटी वीसेक. गम दिवसाला चार-पाच.

रातकिडा:
उठल्यावर पहिली किती वेळाने?

अर्धविराम:
पहिली झाल्याशिवाय उठतच नव्हतो.

रातकिडा:
मग २ ने काय होणार! उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर ४ चा घ्यायचा. आणि चार-पाच फारच कमी. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ. कमाल मर्यादा २४. चघळता कसे?

अर्धविराम:
कसे म्हणजे? गम चघळतात तसा. कॉफीबरोबर, तेव्हाच तर तलफ येते.

जुनीवही:
सापडलं! अहो, हा नेहमीचा च्युइंग गम नाही. सावकाश चावायचा, तोंडात तिखटसर चुणचुण सुरू झाली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या फटीत ठेवून द्यायचा. चुणचुण ओसरली की पुन्हा थोडा चावायचा, जागा बदलायची. एक गम अर्धा तास. निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जायला हवं. तुम्ही कचाकचा चावून लाळेबरोबर गिळताय, त्याच्याच उचक्या आणि जळजळ. वर कॉफी. तोंडात आंबटपणा आला की निकोटीन नीट शोषलं जात नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम असेपर्यंत फक्त पाणी. मीही पहिला आठवडा असाच घालवला आणि शिव्या गमला घातल्या.

निळीशाई:
सोडल्यावर माझं वजन चार किलो वाढलं. रोज चालायला जा, जिने चढा, वजनकाटा रोज बघू नका.

रातकिडा:
वजनाचं कुणी विचारलंय?

निळीशाई:
पुढे विचारतीलच.

वाटसरू:
पॅच लावून सिगारेट ओढली तर हार्ट अटॅक येतो म्हणे. खरं का?

तिरकीरेघ:
जुनी अफवा. सिगारेट सोडायच्या आधी काही दिवस पॅच लावायची पद्धतसुद्धा आहे. मात्र नुकताच झटका येऊन गेला असेल, ठोक्यांची गंभीर तक्रार असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.
अर्धविराम, तुमच्या पॅचच्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही. दिवसाला दहाच्या वर सिगारेटी असतील तर २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात, साधारण सहा आठवडे, मग १४ आणि ७ दोन-दोन आठवडे. पॅच दिवसभराचा भार उचलतो, मध्येच उसळणाऱ्या तलफेला गम. एकट्या गमपेक्षा ही जोडी जास्त लागू पडते. पण दोन्ही एकदम घेणार असाल तर गम किती ताकदीचा ते फार्मासिस्टला विचारा. पॅचची जागा रोज बदला, नाहीतर खाज. स्वप्नं भलतीसलती पडली तर झोपताना काढून ठेवा.

जुनीवही:
झोपेचं राहिलंच. कॉफी किती?

अर्धविराम:
सहा-सात कप. सिगारेट नाही म्हणून थोडी वाढलीये.

जुनीवही:
धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन भराभर संपवत असतं. धूर बंद झाला की तीच कॉफी जास्त चढते. तुम्ही वर वाढवलीत! निम्मी करा, संध्याकाळी बंद. चिडचिड सगळीच काही निकोटीनची नसेल.

निळीशाई:
अवांतर: या गमची कल्पना स्वीडनमधली. पाणबुडीत ओढायला बंदी, तर खलाशी तोंडात तंबाखू ठेवायचे. त्यावरून ओवे फर्नो या स्वीडिश संशोधकाने गम बनवला.

उंबरठा:
पाणबुडीतच जाऊन बसा, आपोआप सुटेल.

अर्धविराम:
कॉफी ओतून दिली. गम गालात ठेवलाय. तिखट लागतंय. किती वेळ म्हणालात?

जुनीवही:
अर्धा तास. वर लिहिलंय.