विषय: दक्षिण कोरियातील जॉन्जूमध्ये एकट्या माणसाला जेवायला वाढत नाहीत, यावर उपाय काय?

प्रेषक: जॉन्जूकर
गुरुवार, रात्री १०:२०

स. न. वि. वि.

शनिवारी सकाळपर्यंत उत्तर मिळाले तर उपयोग होईल, म्हणून घाईने लिहीत आहे. मार्चमध्ये सत्र सुरू झाल्यापासून दर सुट्टीला सोलची गाडी पकडण्याचा माझा नाद आता सुटला असून शनिवार-रविवार मी याच शहरात रमतगमत काढते. मागील शनिवारी सकाळी पुंगनाममुन वेशीजवळच्या नाम्बू बाजारात कोंगनामुल गुकबाप, म्हणजे मोडांच्या रश्श्यातला भात, खाल्ले, नंतर ओमोकदेच्या टेकडीवर बसून हानोक, म्हणजे जुन्या कोरियन घरांच्या वस्तीच्या कौलांकडे तासभर पाहत राहिले आणि संध्याकाळी ओढ्यावरच्या चॉन्गयॉन्नू मंडपात दोन आजीबाईंच्या शेजारी चपला काढून पाय पसरले. त्यांनी मला पगार, वय आणि लग्न या क्रमाने प्रश्न विचारले, त्यामुळे अगदी घरी असल्यासारखे वाटले.

अडचण रात्रीच्या जेवणाची आली. दारातच "किती जण?" असे विचारतात; मी एक बोट वर केले की मालकीणबाई दोन बोटे वर करून मान हलवतात. तीन ठिकाणी असेच झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातील त्रिकोणी किम्बाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) खाऊन झोपले. ज्या शहराला युनेस्कोने २०१२ साली खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान दिला, तेथे उपाशी राहणे बरे दिसत नाही. मी मासे आणि मांस दोन्ही खाते, हे आधीच सांगते, म्हणजे चर्चा त्या दिशेला जाणार नाही.

प्रेषक: सोलकर, सहल समिती
गुरुवार, रात्री ११:०५

जॉन्जूची सहल समितीने ऑक्टोबरसाठी निश्चित केली आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. समूहाने गेल्यास आपली अडचण आपोआप सुटते. सहलीत ग्यॉन्गीजॉन या राजस्मृतिमंदिराचा समावेश असून तेथे जोसॉन राजवटीचा संस्थापक यी सॉन्ग-ग्ये या राजाचे चित्र आणि इतिवृत्तांचे भांडार ही दोन्ही पाहता येतील. जोसॉन राजवटीच्या इतिवृत्तांच्या प्रती चार ठिकाणी ठेवलेल्या असत. १५९२ च्या जपानी आक्रमणात बाकीच्या तीन नष्ट झाल्या आणि जॉन्जूची तेवढी वाचली, कारण गावातील विद्वानांनी ते ग्रंथ वेळीच नेजांगसान डोंगरात हलवले. सभासदांनी परस्पर कार्यक्रम ठरवू नयेत, अशी विनंती आहे. गेल्या वर्षी बसच्या बाबतीत काय झाले, ते सर्वांना आठवत असेलच.

प्रेषक: देजॉनकर
शुक्रवार, सकाळी ७:१५

ताईंना उद्या जेवायचे आहे आणि समिती त्यांना ऑक्टोबर दाखवत आहे. (बसच्या बाबतीत काय झाले ते मलाही आठवते, कारण भाड्याचे निम्मे पैसे मी भरले होते.)

या नकारामागे तुसडेपणा नसतो, त्यामागे हिशेब असतो. हान्जॉन्गशिकच्या, म्हणजे अनेक पदार्थांच्या पूर्ण कोरियन जेवणात माणूस एक असो वा दोन, वाट्या तेवढ्याच मांडाव्या लागतात, आणि उरलेले पदार्थ पुन्हा दुसऱ्याला वाढण्यास येथे कायद्याने बंदी आहे. दहा-पंधरा वाट्या एका माणसाच्या पैशांत मांडणे मालकिणीला परवडत नाही. मकॉल्लीच्या (तांदळाच्या मद्याच्या) किटलीबरोबर येणाऱ्या पदार्थांचेही तसेच आहे. आपल्याकडे खानावळीत राइसप्लेट एका माणसाच्या मापाची असते, म्हणून हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही.

बारा वर्षांपूर्वी मी येथे एकटाच आलो, तेव्हा पहिला महिनाभर दोन माणसांचे पैसे भरून जेवलो आणि त्या काळात माझे वजन सात किलोंनी वाढले. नंतर एका सहकाऱ्याने शहाणपण शिकवले. हान्जॉन्गशिकच्या ऐवजी बेकबान (भात, रस्सा आणि थोडे तोंडीलावणे असे रोजचे जेवण) लिहिलेले साधे दुकान शोधावे. ऐन बाराच्या गर्दीत जाण्याऐवजी अकराच्या सुमारास किंवा दीडनंतर जावे. मात्र बरीच दुकाने दुपारी ३ ते ५ बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. आणि बोट वर करण्याऐवजी "होन्जाइन्दे क्वेन्चानायो?", म्हणजे "मी एकटीच आहे, चालेल का?" असे विचारावे. बोटाला नाही म्हणणे सोपे असते, प्रश्नाला तितके सोपे नसते.

प्रेषक: सुवॉनकर
शुक्रवार, सकाळी ९:४०

बेकबानचा सल्ला देताना देजॉनकर काकांनी शाकाहारी सभासदांचा विचार केलेला दिसत नाही. पालेभाजी म्हणून जे वाढतात, त्यातही बहुधा माशाचा अर्क असतो आणि किमचीत खारवलेली कोळंबी असते. "गोगी प्पे जुसेयो", म्हणजे "मांस वगळा", असे म्हटल्यावर वरचे मांस काढतात, परंतु रस्सा बदलत नाहीत, कारण रस्सा म्हणजे मांस नव्हे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. खुद्द जॉन्जू बिबिम्बापचा (भाज्या घालून कालवायच्या भाताचा) भात परंपरेने गुरांच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात आणि त्यावर कच्चे गोमांस घालतात. त्यातील पिवळी वडी मात्र मुगाच्या सत्त्वाची असते, एवढेच समाधान.

प्रेषक: बुसानकर
शुक्रवार, दुपारी १२:३०

मुगावरून आठवले. कोंगनामुल म्हणजे सोयाबीनचे मोड. माझ्या सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या, तेव्हा बाजारातील वीतभर लांबीचे मोड पाहून त्यांनी "हे फार पुढे गेलेले आहेत" असा निकाल दिला आणि तरीही त्यांची उसळ केली. शिजताना त्यांनी दोनदा झाकण उघडून पाहिले, त्यामुळे कच्चट वास राहिला. शेजारच्या कोरियन बाईंनी नंतर सांगितले की झाकण ठेवायचे तर शेवटपर्यंत ठेवावे, नाहीतर पहिल्यापासूनच उघडे शिजवावे. मधेच उघडू नये.

जॉन्जूकर ताई, नाम्बू बाजारात अंडे वेगळ्या वाटीत देतात. ते गुकबापात ओतू नये. त्यातच दोन-तीन चमचे गरम रस्सा आणि चुरडलेला किम (वाळवलेले समुद्री शेवाळ) घालून आधी ते खावे. गुकबाप एकट्याला कोणीही नाकारत नाही, कारण वाडगा मुळात एका माणसाचा असतो. जोडीला मोजू मागावे. ते मकॉल्लीत दालचिनी आणि आले घालून उकळलेले असल्यामुळे त्यात मद्य नावापुरतेच उरते.

प्रेषक: यादी व्यवस्थापक
शुक्रवार, दुपारी १:००

उसळीवर लिहायचे असल्यास कृपया विषयाची ओळ बदलावी.

प्रेषक: जॉन्जूकर
रविवार, रात्री ९:१०

सर्वांचे आभार. शनिवारी सकाळी पुन्हा नाम्बू बाजारात गेले. मागच्या खेपेस मी अंडे थेट वाडग्यात ओतले होते, तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी एवढे रोखून का पाहिले, ते आता कळले. जेवणासाठी अकरा वाजून दहा मिनिटांनी बेकबानच्या दुकानात शिरले आणि काकांचे वाक्य म्हटले. बाईंनी घड्याळ पाहिले, रिकामी मेजे पाहिली आणि कोपऱ्यातील, लसणाच्या पोत्याजवळची जागा दाखवली. नऊ वाट्या आल्या. दोन मी संपवल्या, त्या न विचारता पुन्हा भरून आल्या. पुढील पाच मेजे भरेपर्यंत मी बाहेर पडले होते, त्यामुळे कोणाचेच नुकसान झाले नसावे.

दुपार जॉन्दोंगच्या लाल विटांच्या चर्चसमोर गेली. १७९१ साली तेथे दोन कॅथलिकांना मृत्युदंड झाला आणि पुढे चर्चच्या पायात शहराच्या पाडलेल्या तटाचे दगड वापरले, हे फलकावरून कळले. समोरून भाड्याच्या हानबोकमधील (पारंपरिक कोरियन पोशाखातील) मुलांचे घोळके जात होते. त्यांतील दोघे माझेच विद्यार्थी निघाले आणि त्यांनी वर्गात कधी केले नाही इतके वाकून अभिवादन केले.

हान्जॉन्गशिकच्या ठिकाणी मात्र काकांचे वाक्य चालले नाही. मालकीणबाईंनी पूर्ण ऐकून घेतले, हसल्या आणि पुन्हा दोन बोटे वर केली. तेव्हा देजॉनकर काका, पुढील शनिवारी आपल्याला जमणार असेल तर बुधवारपर्यंत कळवावे. मी पुंगनाममुनपाशी साडेअकराला उभी राहीन. हिशेब ज्याचा त्याने द्यावा.

प्रेषक: देजॉनकर
रविवार, रात्री ९:२५

येतो. सौ. सुद्धा येत आहेत, म्हणजे आपण तिघे झालो. तिघांना चालते का, हे मालकीणबाईंना आधी विचारून ठेवावे.

प्रेषक: सोलकर, सहल समिती
रविवार, रात्री ९:५०

तीन किंवा अधिक सभासदांचा कार्यक्रम असल्यास त्याची नोंद समितीकडे असावी.