मदत हवी आहे: चार खाती आहेत, तरी ५ तारखेला हप्ता अडकतो

रुईगंध
घरखर्च, ईएमआय, बचत वेगळं राहावं म्हणून आम्ही पैसे चार खात्यांत विभागले. सुरुवातीला नीट चाललं. आता ५ तारखेला ईएमआयच्या खात्यात पैसे कमी आणि बचतीच्या खात्यात पडून, असं होतंय. गेल्या महिन्यात हप्ता परत गेला. बँकेने दंड कापला, कर्जावर वेगळा दंड लागला. शिवाय एका खात्यातून मिनिमम बॅलन्सचे पैसे सारखे कापले जातायत. कोणत्या खात्यात पगाराचे किती टक्के टाकायचे एवढंच सांगा. एक तारीख तोंडावर आली आहे. पैसे पुरेसे आहेत, त्यामुळे 'खर्च कमी करा' असं कृपया नको.

चाकरमानी
टक्के नंतर बघू. पगार एकाचा की दोघांचा? कोणत्या तारखेला होतो? खाती कोणाच्या नावावर आहेत, जॉइंट आहेत का? हप्ता कितीचा? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

नाशिककर
मूळ दुखणंच चार खात्यांचं आहे. एक खातं आणि एक वही ठेवा. आमच्याकडे डाव्या पानावर ठरलेले खर्च असतात: हप्ता, सोसायटी मेंटेनन्स, वीजबिल, शाळेची फी, विमा. उजव्या पानावर रोजचे. डाव्या पानाची बेरीज शिलकेतून वजा करायची आणि उरेल तेवढेच आपले पैसे. बँकेचं ॲप हा हिशेब करून देत नाही.

सांजपाखरू
नाशिककर, वही रोज लिहिणाऱ्यांसाठी ठीक आहे. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात रात्री दहाला वही कोण उघडणार? खात्यात साठ हजार दिसले की माणूस साठ हजार आहेत असंच धरून चालतो. खाती वेगळी हवीतच. मात्र तीन पुरे.

नाशिककर
आमच्याकडेही दोघं नोकरीच करायचो.

रुईगंध
दोघांचा पगार. नवऱ्याचा महिनाअखेरीला, माझा ७ तारखेला. हप्ता २८,०००. त्याचं पगार खातं, माझं पगार खातं, कर्जासाठी उघडलेलं जॉइंट खातं आणि एक माझं जुनं, ज्यात बचत ठेवते. टक्के सांगा ना कोणीतरी.

जोशीकाकू_बँकवाल्या
हप्ता ५ ला आणि तुमचा पगार ७ ला. टक्क्यांनी हे सुटणार नाही, कारण अडचण तारखांची आहे. हप्ता पूर्णपणे नवऱ्याच्या पगारातून जाऊ द्या. त्याच्या खात्यावर १ तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा, २८,००० जॉइंट खात्यात आपोआप जातील. शिवाय एक जादा हप्ता त्या खात्यात कायम पडून ठेवा. महिनाअखेर रविवारी आली, पगार एक दिवस उशिरा झाला, तरी हप्ता चुकणार नाही. तुमचा पगार घरखर्चाला आणि बचतीला.

दंडाबद्दल: १ एप्रिल २०२४ पासून थकलेल्या हप्त्यासाठी बँकेला दंडाचं शुल्क लावता येतं, पण दंड म्हणून व्याजदर वाढवता येत नाही, आणि त्या शुल्कावर व्याजही चढवता येत नाही. कर्जाचा उतारा मागवून घ्या आणि नेमकं काय लावलंय ते बघा.

आणि ते जुनं खातं म्हणजे आधीच्या नोकरीचं पगार खातं का?

पिंपळपान
सगळ्या खात्यांना नॉमिनी लावलेत का? १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. आमच्या नात्यात नॉमिनी नसल्यामुळे फार धावपळ झाली. हे आधी करा.

कोकणचा_वारा
बचत पतसंस्थेत ठेवा, व्याज जास्त मिळतं. आणि पैसे दोन शाखांत ठेवा, म्हणजे पैसे बुडाले तरी दोन्हीकडे पाच-पाच लाखांचा विमा मिळतो.

चाकरमानी
दोन्ही चूक. ठेव विमा बँकेमागे असतो, शाखेमागे नाही. एकाच बँकेच्या दहा शाखांत पैसे असले तरी सगळे मिळून व्याजासकट ५ लाखांपर्यंतच. आणि पतसंस्थेला हा विमा लागूच नाही. सहकारी बँकांना आहे. पतसंस्था आणि सहकारी बँक वेगळ्या.

कोकणचा_वारा
आमच्या गावची पतसंस्था वर्षानुवर्षं व्यवस्थित चालू आहे. माणसं ओळखीची आहेत.

चाकरमानी
असेलही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. तिथेही लोकांची ओळखीची माणसं होती. ज्यांचा पगार, हप्ता, औषधपाणी सगळं त्याच एका बँकेत होतं त्यांनी तो महिना कसा काढला असेल? नाशिककर, एकच खातं मला पटत नाही ते यासाठी. दोन वेगळ्या बँका हव्यात.

नाशिककर
हा मुद्दा मान्य. पण चार नकोत.

रुईगंध
विषय पतसंस्थेवर कुठे गेला? हो, जुनं खातं आधीच्या नोकरीचं आहे. ते झिरो बॅलन्सचं आहे, त्यामुळे तिथून पैसे कापले जात नसणार.

जोशीकाकू_बँकवाल्या
तिथूनच कापले जात असणार. काही महिने पगार जमा झाला नाही की बँक त्याचं साधं बचत खातं करते आणि मग किमान शिलकीची अट लागते. तसा मेसेज आलेला असतो, पण तो कोणी वाचत नाही. बहुतेक बँका महिन्याची सरासरी बघतात, म्हणजे रोज दिवसअखेरच्या शिलकेची बेरीज भागिले दिवस. अट १०,००० ची असेल तर तीस दिवस १०,००० ठेवा किंवा दहा दिवस ३०,००० ठेवून बाकीचे वीस दिवस शून्य ठेवा, सारखंच. बचत टाकून मधेच काढत असाल तर सरासरी पडते.

स्टेट बँकेने ही अट २०२० मध्ये काढली. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही काढली. बचतीचं खातं अशा ठिकाणी ठेवा.

सांजपाखरू
एक विचारू? तुम्हा दोघांच्या फोनवर यूपीआय कोणत्या खात्याला जोडलेलं आहे?

पिंपळपान
सगळ्या खात्यांचं व्याज रिटर्नमध्ये दाखवायचं हेही लक्षात ठेवा. बचत खात्याच्या व्याजावरची १०,००० पर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे.

रुईगंध
यूपीआय जॉइंट खात्यालाच. कर्ज घेताना ते उघडलं आणि तेव्हाच दोघांनी जोडलं. का?

सांजपाखरू
मग दूध, भाजी, रिक्षा, मुलांचा खाऊ सगळं ईएमआयच्या खात्यातूनच जातंय. तुम्ही १ तारखेला २८,००० टाका नाहीतर ३५,०००, ५ तारखेपर्यंत त्याला गळती लागलेलीच असणार. ॲपमध्ये जाऊन दोघांचंही डीफॉल्ट खातं बदला आणि जॉइंट खातं तिथून काढूनच टाका. नुसतं डीफॉल्ट बदललं तर घाईत चुकून जुनंच निवडलं जातं.

माझी पद्धत अशी: घरखर्चाच्या खात्यात महिन्याचे पैसे एकदम टाकत नाही, दर सोमवारी आठवड्यापुरते टाकते. वीस तारखेनंतरची ओढाताण त्यानेच थांबली.

चाकरमानी
हेच कारण. पहिल्या पोस्टमध्ये हे असतं तर पतसंस्थेपर्यंत गेलोच नसतो.

रुईगंध
आत्ता जॉइंट खात्याचं स्टेटमेंट काढलं. १ ते ५ तारखेत तेवीस नोंदी, एक हप्त्याची, बाकी सगळ्या यूपीआयच्या. किराणा, पेट्रोल, केमिस्ट. म्हणजे टक्क्यांचा प्रश्नच नव्हता. आज रात्री दोघांचे फोन घेऊन बसते. जुनं खातं मात्र उद्याच बंद करते.

जोशीकाकू_बँकवाल्या
उद्याच नको. आधी त्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट बघा, त्यातून काय काय आपोआप जातं ते. विम्याचा वर्षातून एकदाच जाणारा हप्ता नेमका विसरला जातो. एसआयपी, फास्टॅग, गॅसची सबसिडी, पीएफला दिलेलं खातं, आयकर परताव्यासाठी दिलेलं खातं, हे सगळं दुसरीकडे वळवा. नवीन मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर झालं की मगच बंद करण्याचा अर्ज द्या, आणि तोपर्यंत किमान शिलकीपुरते पैसे तिथे राहू द्या.

रुईगंध
विमा त्यातूनच जातो, फेब्रुवारीत. मग आधी तो वळवते. आणि पिंपळपान, नॉमिनी बघितले, जॉइंट खात्याला नाहीये. तोही फॉर्म त्याच फेरीत भरते.