घरी ज्येष्ठांची शुश्रूषा: नेमकं कसं करता, कुठे चुकतं? (अनुभव धागा)

हालचाल कमी झालेलं किंवा पूर्ण अंथरुणावर असलेलं वयस्कर माणूस घरात असलं की सल्ल्यांना तोटा नसतो. पण 'जपून उठवा', 'लक्ष ठेवा' याच्या पुढे ते जात नाहीत. जपून म्हणजे हात कुठे धरायचा? लक्ष म्हणजे काय बघायचं आणि दर किती वेळाने? जे हे काम रोज करतात किंवा शिकवतात त्यांनी इथे कृती लिहावी: मापं, वेळा, क्रम, आणि चूक झाली तर ती का होते. आजारपणाच्या कहाण्या नकोत. औषधाचा डोस बदलण्याचे सल्लेही नकोत, ते काम डॉक्टरांचं.

———

फिजिओथेरपी

पलंगावरून खुर्चीत नेण्यापासून सुरुवात करते, कारण दोघांनाही इजा होते ती इथे. बहुतेक जण काखेत हात घालून उचलतात. तसं ओढल्यावर सगळं वजन खांद्याच्या सांध्यावर येतं. अर्धांगवायू झालेल्या बाजूचे स्नायू तो सांधा नीट धरून ठेवत नाहीत, त्यामुळे तो सहज सरकतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. 'माझ्या गळ्यात हात टाका' हेही नको. त्यांचा तोल गेला की तुमची मान आणि कंबर त्यांच्याबरोबर जाते.

खुर्ची पलंगाला ३० ते ४५ अंश तिरकी, त्यांच्या धडधाकट बाजूला. व्हीलचेअर असेल तर दोन्ही ब्रेक लावून हाताने हलवून बघा आणि पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडा. नडगीची कातडी सोलवटते ती याच पट्ट्यांनी, आणि या वयात ती जखम लवकर भरत नाही. नुसत्या मोज्यांवर उभं करू नका. टाच धरून ठेवणारं, रबरी तळाचं पादत्राण हवं.

आता कुशीवर वळवा. पाय पलंगाबाहेर खाली सोडताना दुसऱ्या हाताने खांद्यामागून आधार देऊन बसतं करा. आणि थांबा. हा थांबा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. एक-दोन मिनिटं बसू द्या, चक्कर येतेय का विचारा. नंतर कडेपर्यंत सरकवा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकायला सांगा. माणूस आधी पुढे झुकतो आणि मग उठतो. झुकायच्या आधीच तुम्ही वर ओढलंत तर वजन मागे राहतं आणि ते पुन्हा पलंगावर आदळतात.

कमरेला कपड्यांवरून रुंद पट्टा बांधा, आत दोन बोटं जातील इतका घट्ट. धरायचं ते या पट्ट्याला. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा पोटावर नळी असेल तर मात्र पट्टा बांधू नये. त्यांच्या कमजोर गुडघ्यासमोर तुमचा गुडघा टेकवा म्हणजे तो अचानक दुमडणार नाही. 'एक, दोन, तीन' त्यांनाच मोजायला सांगा. खुर्चीची कड मांड्यांना मागून लागली आणि त्यांचा हात खुर्चीच्या हातावर गेला की मगच खाली बसवा.

मधेच पडू लागले तर उभं धरून ठेवायला जाऊ नका. जवळ ओढा, एक पाय पुढे घ्या, तुमच्या मांडीवरून घसरवत जमिनीवर बसवा. डोकं तेवढं सांभाळा.

———

वर बसवून थांबण्याबद्दल लिहिलंय, त्यात थोडी भर

घरात रक्तदाबाचं यंत्र असेल तर एकदा असं मोजा: ५ मिनिटं आडवं झोपवून, मग उभं केल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना कळवा. शरीरातलं पाणी कमी होणं, लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या ही त्याची नेहमीची कारणं. नुसतं झोपून घेतलेलं रीडिंग छान दिसतं आणि माणूस मात्र पहाटे लघवीला उठताना पडतो.

———

घरी जाऊन सेवा देणारी परिचारिका

शय्याव्रण म्हणजे बेडसोअर. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही, आणि पेशी मरतात. जागा ठरलेल्या आहेत: माकडहाड, कमरेच्या बाजूची हाडं, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागेही बघा.

दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण ९० अंशांत कुशीवर ठेवू नका, सगळा भार खुब्याच्या हाडावर जातो. पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलतं ठेवा, दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी. जेवण आणि त्यानंतरचा अर्धा तास सोडून इतर वेळी पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर नको. माणूस खाली घसरत राहतो, हाड सरकतं, कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते आणि आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. वर सरकवताना ओढायचं नाही. कमरेखाली आडवी चादर घाला आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ती गुंडाळून उचलून सरकवा.

रोज सकाळी स्पंज करताना प्रत्येक जागा बघा. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. पांढरं पडून परत लाल झालं तर दाब काढल्यावर सुधारेल. दाबूनही लालच राहिलं तर व्रणाची पहिली पायरी सुरू झाली, त्या बाजूवर आता झोपवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा थुलथुलीत लागतंय का, जांभळट दिसतंय का. लाल जागेवर मालिश करू नका, आतली इजा वाढते. मधे भोक असलेली गोल गादीही नको. कडांवर दाब पडून मधल्या भागाचं रक्त आणखी तुटतं.

डायपर ओला झाला की लगेच बदला. स्त्रियांना पुढून मागे पुसायचं, कातडी घासायची नाही, टिपायची, आणि झिंकचं मलम पातळ लावायचं.

———

प्रश्न: हवेची गादी घेतली तरी दोन तासांनी वळवावं लागतं का? आणि टाचेखाली उशी ठेवली तरी टाच लाल होते, ती का?

———

परिचारिका (वरच्या प्रश्नाला)

हो, वळवावंच लागतं. गादीने दाब कमी होतो, संपत नाही. वळवायच्या वेळा मात्र कातडी बघून ठरवता येतात. गादीत हवा पुरेशी आहे का ते तपासा: माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवा. हाताला हाड जाणवलं तर हवा कमी आहे, साधारण अडीच सेंटिमीटर हवेचा थर मध्ये असायला हवा. गादीवर जाड चादरींचे थर घातले तर तिचा उपयोग जातो.

टाचेखाली उशी ठेवली की टाच उशीवर दाबली जाते. उशी पोटरीखाली लांबच्या लांब ठेवा, टाच हवेत राहिली पाहिजे. टाचेखालून कागद सहज सरकला की बरोबर.

———

गिळण्याचा त्रास असलेल्यांना भरवणं

पूर्ण जागे असतील तरच भरवा. अर्धवट झोपेतला घास श्वासनलिकेत जातो. पाठ सरळ, शक्यतो खुर्चीत, मान मागे टाकलेली नसावी. भरवणाऱ्याने उभं राहू नये, कारण वर बघताना मान मागे जाते आणि श्वासाची वाट मोकळी पडते. समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसा. चमचा छोटा, घास अर्धा चमचा. गिळल्यावर गळ्यावरचा उंचवटा (कंठमणी) वर जाऊन खाली येताना दिसतो, ते बघूनच पुढचा घास. अर्धांगवायू असेल तर घास चांगल्या बाजूला ठेवा आणि शेवटी कमजोर गालाच्या आत बोटाने बघा, तिथे घास साठून राहतो.

पाणी हे सर्वात अवघड, कारण ते वेगाने सरकतं. पाण्याने ठसका लागत असेल तर ते किती घट्ट करायचं हे गिळण्याच्या तज्ज्ञाकडून ठरवून घ्या, अंदाजाने नको. ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही. काहींना अजिबात न खोकता अन्न फुप्फुसात जातं. घासानंतर आवाज ओला, गुरगुरल्यासारखा येणं, डोळ्यांत पाणी, पुन्हा पुन्हा येणारा बारीक ताप ही त्याची लक्षणं. जेवणानंतर ३० मिनिटं बसवून ठेवा. दोन वेळा तोंड आणि कवळी स्वच्छ करा, रात्री कवळी काढून पाण्यात. तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात, म्हणून नळीने अन्न घेणाऱ्यांचंही तोंड साफ करावं लागतं.

———

औषधविक्रेता

गोळी कुटण्याआधी विचारा. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल तर ती दिवसभर थोडी थोडी सुटणारी असते. कुटली की सगळा डोस एकदम उतरतो. आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्यांचंही तेच, आवरण फुटलं की पोटात जळजळ किंवा औषध निकामी. बहुतेकदा तेच औषध पातळ किंवा विरघळणारं मिळू शकतं.

हाडांसाठीची अॅलेंड्रोनेट ही गोळी उपाशीपोटी, पूर्ण भांडंभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर ३० मिनिटं आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. जे सरळ बसू शकत नाहीत त्यांना ती द्यावी का, हे आधी विचारावं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात ४ तासांचं अंतर. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्ये बहुधा क्लोरफेनिरामिनसारखं औषध असतं. वयस्करांना त्याने गोंधळ उडतो, लघवी तुंबते. शिवाय त्यात पॅरासिटामॉलही असतं, मग ताप म्हणून वेगळी गोळी दिली की डोस दुप्पट.

———

पडल्यावर

घाईने उठवू नका. आधी जमिनीवरच तपासा. मान दुखते का, हात-पाय हलतात का, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो का. तसं असेल तर हलवू नका, उबदार झाका, रुग्णवाहिका बोलवा. मांडीसांध्यात दुखत असेल तर चालता येतंय म्हणून निश्चिंत होऊ नका, खुब्याचं हाड मोडूनही काही जण चार पावलं टाकतात. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालयात न्या. आत हळूहळू साचणारं रक्त काही तासांनी, कधी काही दिवसांनी त्रास देतं.

काही लागलेलं नसेल तर: कुशीवर वळवा, मग हात-गुडघ्यांवर, समोर भक्कम खुर्ची. दोन्ही हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे, आणि उठताना दुसऱ्याने मागून दुसरी खुर्ची सरकवावी. उचलायचं कुणी नाही.

———

अचानक गोंधळ

कालपर्यंत बरे होते आणि आज वेळ-जागा कळत नाही, मधेच नीट बोलतात, मधेच झोपाळतात, संध्याकाळनंतर वाढतं. याला 'वय झालं' म्हणून सोडू नका. स्मृतिभ्रंश महिन्यांत वाढतो, हा प्रकार तासांत येतो आणि बहुधा त्यामागे उपचार करता येण्यासारखं कारण असतं: संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कमी झालेलं सोडियम, नवीन औषध. या वयात संसर्ग असूनही ताप नसू शकतो. डॉक्टरांना फोन करण्याआधी हे लिहून ठेवा: नेमकं कधीपासून, शेवटची लघवी कधी आणि किती, शौच कधी, दोन आठवड्यांत बदललेली औषधं, मधुमेह असेल तर आत्ताची साखर. साखर ७० च्या खाली आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही घालू नका.

चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यांतलं एकही दिसलं तर तो अर्धांगवायूचा झटका असू शकतो, वाट न बघता रुग्णालय. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास 'शेवटचे बरे कधी दिसले' तिथून मोजतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर झोपायची वेळ सांगा.

———

पलंगाच्या कठड्यांबद्दल

गोंधळलेल्या माणसाला कठडा लावला की तो त्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. दांड्यांमधली किंवा गादी आणि कठड्यामधली फट १२ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर डोकं अडकू शकतं. त्यापेक्षा पलंग शक्य तितका खाली करा, बाजूला पातळ गादी टाका, संडासापर्यंत रात्रीचा मंद दिवा ठेवा, आणि लघवीला ठरलेल्या वेळी आपणच उठवा. मध्यरात्री उठून कठडा ओलांडायचं कारण बहुतेकदा तेच असतं.