नको ते विचार सगळ्यांनाच येतात

काही जण म्हणतात की लहानपणी घरात सोवळ्याओवळ्याचा अतिरेक असला की ओसीडी होतो, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन त्याच त्याच कृती करायला लावणारा मानसिक आजार. इतकं सरळ नाहीये ते. सोवळं फार तर भीतीला विषय पुरवतं.

रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलं की 'हातातलं बाळ खाली टाकलं तर?' असले विचार धडधाकट माणसांपैकीही बहुतेकांना येतात. फरक पडतो तो त्या विचाराचा अर्थ आपण काय लावतो यानं. मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांचा १९८५ चा मुद्दा मला सगळ्यात पटतो: जबाबदारीची अवास्तव जाणीव. विचार मनात येऊनही मी काही केलं नाही, तर पुढे जे घडेल ते माझ्यामुळेच! मग कुलूप परत ओढून बघायचं, घटकाभर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानंच सवय पक्की होते. मनात आलं म्हणजे केल्यासारखंच, हा समज आणि जराही अनिश्चितता न सोसणं, हेही या आजारामागचेच. आनुवंशिकता आहेच, पण तो वेगळा विषय.

आणि हो, घरचे 'अगं, केलाय गॅस बंद' असं प्रेमानं दहादा सांगतात ना, त्यानंही आजार टिकतो. म्हणून उपचारात घरच्यांनाही ही हमी हळूहळू कमी करायला शिकवतात.