शब्बाथला बाईने तोरा वाचली, म्हणून शब्बाथ मोडतो?

भायखळ्याची नात: आपल्या बेने इस्राएल ज्यूंच्या गटावर परवा एका काकांनी आमच्या शब्बाथबद्दल, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाबद्दल, लिहिलं, "बाई तोरा, आपला धर्मग्रंथ, वाचते, बायका-पुरुष शेजारी बसतात, परधर्मातली सून किद्दुशला, पेल्यावरच्या आशीर्वादाला, उभी राहते. हा शब्बाथ नव्हे, महिला मंडळाचं स्नेहसंमेलन." ती सून माझी वहिनी. तीन वर्षं दर शनिवारी येते. जेवणानंतर पाराशावर, म्हणजे तोराच्या त्या आठवड्याच्या भागावर, चर्चा होते, त्यात सगळ्यात नेमके प्रश्न तिचेच असतात. आणि हे खूळ कालपरवाचं नाही. डॉ. जेरुशा झिराड लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या, तिथल्या लिली माँटेग्यूंच्या उदारमतवादी ज्यू विचारांनी भारावून परतल्या आणि १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभी राहिली. तालमुद या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, त्याच्या मेगिला भागात, म्हटलंय की तोरा वाचणाऱ्या सातांत बाईही चालते, फक्त समुदायाच्या मानासाठी तिने वाचू नये. मान नक्की कोणाचा?

मूळचा नवगावचा: झिराडबाईंबद्दल आदर आहे. पण कोकणात आपले लोक हिब्रू विसरले होते, तरी शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गाव शनवार तेली म्हणायचं. तेवढ्या नेमावर आपण टिकलो. तोच सैल केलात तर नातवंडांच्या हाती काय उरणार? शिवाय शब्बाथला चूल पेटवायची नसते, मग शनिवारी दुपारी तुमच्याकडे गरम मटण कसं येतं, ते सांगा.

ठाण्याची लेक: शुक्रवारी शिजतं, सूर्यास्ताआधी मंद आचेवर पत्रा टाकून त्यावर पातेलं ठेवतात. पण शुक्रवारी शिजवतं कोण, हे विचारा ना! समावेशक म्हणवणाऱ्या एका ठिकाणी साठ माणसांच्या चपात्या आम्ही चौघी लाटायचो. शनिवारी पुरुष शिकायला बसायचे, आम्ही ताटं उचलायचो. पाराशा मी मोरीत उभी राहून ऐकलाय.

लाल देवळाजवळचा: माझ्या आईने चाळीस वर्षं हेच केलं. नारळाचं दूध काढायची, मनुकांचं सरबत करायची. कधी तक्रार केली नाही.

ठाण्याची लेक: तुम्ही कधी विचारलंत?

लाल देवळाजवळचा: माझ्या आईला मध्ये आणू नका. तिच्यासाठी ती सेवाच होती.

ठाण्याची लेक: आईला तुम्हीच आणलंत. सेवा होती तर तुम्ही का नाही केलीत?

अश्दोदहून: चपात्यांत मूळ मुद्दा हरवला. १९६२ मध्ये इथल्या, इस्राएलच्या, रब्बींनी म्हणजे धर्मगुरूंनी आपल्या बेने इस्राएल लग्नांवर शंका घेतली. १९६४ मध्ये माझे वडील जेरुसलेमला धरणं धरून बसले, तेव्हा कुठे मान्यता मिळाली. ज्यांना दारात अडवलं, त्यांनीच आता सुनेला अडवायचं?

मूळचा नवगावचा: आपण ज्यू होतोच, भांडण त्याचंच होतं. ती अजून नाही. दोन्ही एकात कालवू नका.

भायखळ्याची नात: हे बरोबर आहे, मानते. पण तिला मिनयानमध्ये, सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहांत, मोजा असं मी म्हटलेलंच नाही. शेजारी बसून जेवू द्या, शिकू द्या. स्नेहसंमेलन म्हणू नका.

मूळचा नवगावचा: जेवायला कोणालाच नाही म्हणू नये. तो शब्द काकांनी वापरायला नको होता. आणि मोरीचं वाचून गप्प झालो. आमच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्येही, तेच चालतं. बायको होती तोवर माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. चपात्या मला येत नाहीत, येत्या शुक्रवारी कांदे चिरायला येतो. मिनयानला मात्र मी दहा पुरुषच मोजणार.