कॅमालिओंडा सोफा: जुना शोधून घ्यावा की 2020 चा नवा?

खुंटी: इटालियन डिझायनर मारिओ बेल्लिनीने 1970 मध्ये सी अँड बी इटालिया या फर्निचर कंपनीसाठी (आताची बी अँड बी इटालिया) कॅमालिओंडा केला. नावात सरडा आणि लाट या दोन्हींचे इटालियन शब्द आहेत. 90 बाय 90 सेंमीची बैठक, पाठ आणि हात सुटे, केबल-हूक-कडीने जोडायचे. सत्तरच्या दशकानंतर उत्पादन थांबलं, 2020 मध्ये पुन्हा आला. माझं मत: मिळाला तर जुनाच घ्यावा. ती मूळ वस्तू आहे.

टाके-उसवे: साफ असहमत. 50 वर्षांचा पॉलियुरेथेन फोम म्हणजे भुगा. पॉलिएस्टर जातीचा असेल तर दमट हवेत पाणी त्याचे बंध तोडतं, पॉलिईथर जातीचा असेल तर उजेड आणि ऑक्सिजन खातात. तपासायला तळहात दाबून पाच-सहा सेकंद धरा. खळगा भरून आला नाही किंवा आतून करकर ऐकू आली, की फोम गेला. बैठकीखाली पिवळसर पूड सांडलेली दिसली तर दाबून बघायचीही गरज नाही.

खुंटी: मग फोम बदलायचा! बैठकीला 40 डेन्सिटीचा (घनतेचा) एचआर, म्हणजे दाबला तरी पटकन उसळून येणारा फोम, वर मऊ फोमचा पातळ थर, त्यावर पॉलिएस्टर वॅडिंग (कापसासारखी मऊ चादर). काय अवघड आहे?

टाके-उसवे: अवघड आहे ती केबल. या सोफ्याचे फुगवटे आणि खोल घड्या शोभेच्या बटणांनी आलेल्या नाहीत, आतल्या केबलच्या ताणाने आल्या आहेत. नवा फोम जुन्यापेक्षा कडक भरला तर केबल पूर्ण बसत नाही, घडी उथळ राहते आणि सोफा उशीसारखा दिसतो. मऊ भरला तर ताण सैल पडून वर्षभरात मधोमध खड्डा. आधी एकच मोड्यूल (सुटा भाग) करून बघा, मग बाकीचे उघडा. आणि कापड सपाट मोजू नका, टेप प्रत्येक घडीच्या तळापर्यंत दाबून मोजा, नाहीतर शिवण कोपऱ्यावरच उसवते.

आडवा टाका: आणि फोम, वॅडिंग, कापड बदलल्यावर 'मूळ' काय उरलं? हूक आणि कड्या. त्यापेक्षा नवा बरा: थर सुटे होतात, त्यामुळे दुरुस्ती आणि पुनर्वापर सोपे.

खुंटी: हूक उरले म्हणजे सगळं उरलं की! बेल्लिनीची कल्पना तीच आहे. ऑलिव्हेट्टी कंपनीच्या दिव्हिसुमा 18 गणनयंत्रावर त्याने रबरी कातडं चढवलं, इथे फोमला केबलने आवळलं.

रेघोटी: एक खोचक प्रश्न. हूक सोडून रचना बदलतो कोण? चार बैठका ओळीत म्हणजे 360 सेंमी. आपल्याकडच्या दिवाणखान्यात तो एकदा भिंतीला लागला की तिथेच.

टाके-उसवे: म्हणूनच सोफेवाल्याकडून नक्कल करून घेणारे हूकच गाळतात. प्लायला सुतळीने बटणं बांधतात, सुतळी ढिली पडते, बटण वर येतं. पाठही मग बैठकीला कायमची ठोकतात. मग जिन्यात वळत नाही.

रेघोटी: तो मुद्दा मान्य. पण जुना घेणाऱ्याने पैसे देण्याआधी प्रत्येक कडी हाताने ओढून बघावी. कडीजवळचं कापड फाटलं असेल तर पाठ टेकताच मागे सरकते, आणि ते नुसत्या टाक्याने धरत नाही, आतून पट्टी लावावी लागते.

खुंटी: कड्या तपासतो. फोमवरचं माझं मत मात्र बदललेलं नाही.