अनुभव धागा : पायांसाठी घरी केलेल्या भेटी. काय केलंत, कुणाला दिलंत, पुढं काय झालं?

हरिपूरची सून

मंडळी, संक्रांतीच्या वाणाला दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या, आणि त्या फिरून फिरून परत आपल्याच घरी येतात. यंदा मी भेगांच्या मलमाच्या छोट्या डब्या वाटल्या. आमच्या सांगलीत थंडी फार नसते म्हणा, पण दिवसभर अनवाणी फरशीवर ओट्यापुढं उभं राहणाऱ्या बायकांच्या टाचा जानेवारीत बघवत नाहीत, साडीचा काठ अडकतो त्यात.

प्रमाण विचारलंय बऱ्याच जणींनी म्हणून लिहिते. तिळाचं तेल 100 ग्रॅम, कोकमाचं तेल 50 (ते घट्ट गोळे येतात ना कोकणातून, भिरंडेल, तेच) आणि मधमाशांचं मेण 30. मेण महाबळेश्वरकडून आणवलं, मेणबत्तीचं चालत नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी बसवायची, मेण आधी घालायचं कारण ते 62-64 अंशाला कुठं वितळतं, बाकीचं मग पटकन होतं. एक थेंब गार ताटलीवर टाकून बोटानं दाबून बघायचा, कडक वाटला तर तेल वाढवा, पळायला लागला तर मेण. डब्या भरल्या की सरळ फ्रीजमध्ये, कोकमाचं तेल हळूहळू गार झालं की रव्यासारखे दाणे धरतं. वाईट काही होत नाही पण देताना बरं दिसत नाही.

हळद चिमूटभरच घाला. राजापुरी आपली कितीही कौतुकाची असली, 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला वगैरे सगळं खरं, पण चादरीवरचा डाग निघत नाही.

आता तुमचे अनुभव येऊ द्यात. फसलेले पण चालतील.

पोवई नाका

ताई, तुमचं 30 ग्रॅम मेण साताऱ्यात डिसेंबरात दगड होईल हो. इथं खोबरेलची बाटली सकाळी उन्हात ठेवल्याशिवाय ओतत नाही. मी 20 च घालते. हेच एप्रिलमध्ये सांगलीच्या नणंदेला पाठवायचं तर वाढवून 35 करते, नाहीतर कुरिअरमध्येच तेल होऊन जातं.

गुपचूप वाचणारी

हसू नका पण माझ्या सासूबाईंना वाढदिवसाला दिलं तर पहिला प्रश्न, "का गं, माझे पाय एवढे वाईट दिसतात का तुला?" चेहऱ्याचं क्रीम दिलं असतं तर काही बोलल्या नसत्या. पायाचं द्यायचं म्हणजे जरा बघूनच द्यावं लागतं बघा. मग मी दिवाळीला युक्ती केली, उटणं, तिळाचं तेल, पाय घासायची वज्री आणि मलमाची डबी असं एकत्र अभ्यंगाचं ताट म्हणून घरातल्या सगळ्यांनाच दिलं, दिराला पण. आता सासूबाई त्या वज्रीनं टाचा घासून रोज रात्री लावतात आणि डबी संपली की रिकामी करून माझ्या ओट्यावर ठेवतात. तोंडानं काही म्हणत नाहीत.

लोणंदकर

आमच्याकडं माउलींची पालखी मुक्कामाला असते, नीरा ओलांडली की सातारा जिल्ह्यातला पहिला मुक्काम लोणंद, पुढं तरडगाव, फलटण, बरड. आमच्या आळीतली पोरं बरीच वर्षं पाय चेपायला बसतात. तेल घरीच कढवतो, तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण तांबूस होईस्तोवर, मग गाळून घ्यायचं आणि कोमट झाल्यावर भीमसेनी कापूर चुरून टाकायचा. कढत्यात टाकला तर उडून जातो, नुसताच वास घरभर.

ही भेट म्हणायची का माहीत नाही पण छोट्या बाटल्या भरून वाटेसाठी पण देतो. एकदा मराठवाड्यातल्या एक आजी बसल्या, पाय पुढंच करेनात. म्हणल्या पोरा तू माझ्या पायाला हात लावायचा नाहीस, आणि त्याच वाकून माझ्या पाया पडल्या. वारीत असंच असतंय, कोण कुणाच्या पाया पडंल सांगता येत नाही. लय समजूत घातल्यावर टाच दाखवली, तर भेगेत बारीक खडी रुतून बसलेली. वरून कातडं घट्ट झालेलं म्हणून त्यांना आता कळतही नव्हतं. ती काढायची सोय आपल्याकडं नाही, शेजारी दवाखान्याचा तंबू होता तिथं नेलं. तेल नंतर.

दोन गोष्टी सांगतो. फोड आला असंल तर फोडायचा नाही आणि त्यावर चोळायचं नाही. आणि तळव्याला तेल लावून माणसाला लगेच चालायला लावू नका, पावसात डांबरावर घसरतात. आम्ही फडक्यानं पुसूनच उठवतो.

फार्मसीवाला

लोणंदकर, पटलं. त्याच धर्तीवर शुगरवाल्यांबद्दल लिहितो. माझ्या दुकानात लोक विचारायला येतात, वडलांना पाय शेकायला मीठ आणि मलम असा बॉक्स द्यायचाय. जुनी शुगर असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, गरम पाण्यात पाय भाजला तरी समजत नाही. त्या बॉक्समधून मीठ, टाचा घासायचा दगड, खरखरीत स्क्रब सगळं काढा. साधं मलम द्या, टाचेला आणि तळव्याला लावायचं, बोटांच्या बेचक्यात नाही. आणि सोबत एक हातआरसा द्या, तळवा रोज बघायला. दिसायला विचित्र भेट आहे पण मी स्वतःच्या वडलांना दिलीय. लिंबू तर कुणाच्याच भेगांवर नको, झोंबतं किती ते लावून बघितलेल्यांना विचारा.

कृष्णाकाठ

2019 च्या ऑगस्टात पाणी ओसरल्यावर घरं साफ करताना आमच्या गल्लीत सगळ्यांना चिखल्या झाल्या होत्या. त्यात कोणतरी प्रेमानं घरी केलेलं तेल-मेणाचं मलम पाठवलं, मोठी बरणी. भावना चांगली, पण चिखल्यांना ते उलटं पडतं, बोटांच्या मधे आधीच ओल आणि वरून तेलाचं झाकण. आमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं पाय धुवा, बोटांमधून कोरडे करा, औषधाची पावडर लावा. त्या दिवसांत सगळ्यात भारी भेट म्हणजे माझ्या मावसबहिणीनं जुन्या सुती साड्यांचे पाय पुसायचे पंचे शिवून पाठवले होते, गठ्ठाच्या गठ्ठा. कुणाला हे "प्रॉडक्ट" वाटणार नाही, पण धाग्यात बसतंय असं मला वाटतं.

मिरजवाली मावशी

तुम्ही सगळ्या मेणाचंच लिहिताय, राळेचं मलम कुणाला आठवत नाही का. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, काष्टौषधीवाल्याकडं मिळते, बारीक कुटून वस्त्रगाळ करायची, गरम तेलात विरघळवायची आणि परातीत गार पाण्यावर ओतून हातानं फेटत राहायचं. पाणी बदलायचं, परत फेटायचं. पिवळट असतं ते हळूहळू पांढरं होत जातं आणि शेवटी लोण्यासारखं हाताला लागतं, तो क्षण बघायला माझी नात स्टूल ओढून बसते. गॅस मात्र बारीक आणि लक्ष तिथंच, राळ पेट घेते. त्यात पाणी राहतं म्हणून फार साठवायचं नाही, करायचं आणि आठवड्यात संपवायचं. त्यामुळं कुरिअरच्या भेटीला उपयोग नाही, शेजारणीलाच द्यायचं.

आयटीतला सातारकर

पाण्यावरून आठवलं. ऑफिसमधल्या एकीनं सगळ्यांना ताज्या कोरफडीचा गर घातलेलं "नॅचरल फूट क्रीम" दिलं होतं, सुंदर काचेची बाटली, वर सुतळी. पंधरवड्यात झाकणाच्या आत हिरवी बुरशी. पाणी किंवा ताजा गर आला की टिकाऊ काहीतरी घालावंच लागतं, नुसतं तेल-मेण-तूप असेल तरच तसं चालतं. डबीवर केल्याची तारीख आणि आत काय काय आहे ते लिहा प्लीज. माझ्या बायकोला तिळाची अ‍ॅलर्जी आहे, डबी उघडून वास घेऊनच आम्ही ठरवतो.

माणदेशी

आमच्याकडं साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पाचटात आणि थंड दवात पहाटेपासून उभं, त्या बायांच्या टाचा बघून वाण कुणाला द्यायचं हा प्रश्नच पडत नाही. मी नेऊन दिलं तर एक म्हणाली, ताई मलम ग्वाड हाय पर पाय धुवायला गरम पानी कुठनं आनू. पुढल्या खेपेला बंब पेटवून ट्रॅक्टरनं पाणी नेलं, जुने मोजे पण दिले. रात्री मलम लावून वर मोजे. भारी कोकम तेल वगैरे नव्हतं हो त्यात, करडईचं तेल आणि मेण.

हरिपूरची सून

माणदेशी, पत्ता कळवाल का, माझ्याकडं मेण शिल्लक आहे. मावशी, राळ गणपती पेठेत मिळेल ना? आणि विकायचं का म्हणून ज्यांनी विचारलं त्यांना, नाही. विक्रीसाठी बनवायचं तर कॉस्मेटिकचं लायसन लागतं, मला तो व्याप नको. डब्या कुठल्या घ्यायच्या तेवढं सांगा, काचेच्या जड होतात आणि पत्र्याच्या झाकणाला गंज येतोय.